पाळी लवकर आली, म्हणून मूलही लवकर? एका विवाहपूर्व समुपदेशनाचं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलीला आपण प्राजक्ता म्हणू. नाव, गाव आणि नोकरीचा तपशील बदलला आहे. बाकी घटनाक्रम तिच्या संमतीने मांडला आहे. ती आमच्या केंद्रात आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. आलेल्या स्थळाला होकार द्यायचा की नाही, हे तिला आठवड्याभरात ठरवायचं होतं. एवढ्यासाठी कुणी स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला जोडलेल्या समुपदेशन केंद्रात सहसा येत नाही. ती आली, कारण तिच्या घरात या होकाराचा संबंध तिच्या पहिल्या पाळीशी लावला गेला होता.

पार्श्वभूमी

प्राजक्ता सातारा जिल्ह्यातली. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, आई घर सांभाळून दुकानाचा हिशेब बघणारी, घरात आजी, आणि जवळच्याच गावात दिलेली आत्या. तिची पाळी चौथीत, साडेनऊ वर्षांची असताना सुरू झाली. भारतात पाळी सुरू होण्याचं सरासरी वय तेरा ते चौदाच्या दरम्यान आहे आणि पिढ्यांगणिक ते हळूहळू खाली येत आहे. मुलीच्या छातीची वाढ आठव्या वर्षाच्या आत सुरू झाली तर डॉक्टर तिला अकाली म्हणतात आणि कारण शोधतात. त्या वाढीनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे प्राजक्ता त्या रेषेच्या आसपास, कदाचित किंचित अलीकडेच होती. डॉक्टरांना कुणी दाखवलं नाही. मुलीला न्हाण आलं की दवाखान्यात न्यायचं असतं, हे त्या घरात कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

उंचीचं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. चौथीत ती प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत मागे उभी राहायची आणि नववीत सर्वांत पुढे. वयात येताना मुलगी झपाट्याने वाढते, पण ती वाढ घडवणाऱ्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळेच हाडांच्या टोकांची वाढ लवकर थांबते. आई पाच फूट तीन इंच, प्राजक्ता जेमतेम चार फूट अकरा. पुढे लग्नाच्या बायोडेटावर आत्याने ही उंची परस्पर ‘५ फूट १ इंच’ करून टाकली.

पाळी आल्यावर घरात काय झालं, ते प्राजक्ताने फार तपशिलात सांगितलं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. खो-खो बंद झाला. सायकल बंद झाली. चार दिवस देवघराकडे जायचं नाही, हे आजीने सांगितलं. का, ते कुणी सांगितलं नाही. बरोबरीच्या मैत्रिणींना यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून ती आपोआप सातवी-आठवीच्या मुलींत बसू लागली. त्यांच्या गप्पा स्थळांच्या, कुणाचं कुठे जमलं याच्या. एस.टी. स्टँडवर लोक तिला चौदा-पंधरा वर्षांची समजायचे आणि तसंच बघायचे. आई म्हणायची, “खाली मान घालून चालायचं.” दहावीत असताना मामांच्या ओळखीचं पहिलं स्थळ आलं. वडिलांनी ते परतवलं. तिला मार्क चांगले होते, एवढंच कारण त्यांनी दिलं.

ते परतलं हे तिचं नशीब म्हणावं लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. न्हाण आलं म्हणजे लग्नाची वेळ झाली, ही समजूत आपल्याकडे किती खोल आहे हे १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून उठलेल्या रणधुमाळीत दिसलं होतं. मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहाचं बारा करायचं, एवढीच ती सुधारणा होती.

अडचण

शिक्षण झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि पंचविसाव्या वर्षी आत्याने स्थळ आणलं. मुलगा तेहतीस वर्षांचा, स्वतःचा फ्लॅट, व्यवसाय बरा. पत्रिका जुळली, कांदेपोहे झाले, पसंतीही आली. मुलाकडची एक अट होती: लग्नानंतर वर्षभरात मूल हवं, कारण मुलाचं वय वाढतंय.

प्राजक्ताला अट खटकली. त्यावर आत्याचं उत्तर तयार होतं. “तुझी पाळी लवकर आली, ती लवकर जाणार. तुझ्या आईची अडतिसाव्या वर्षीच गेली. तुला तरी कुठे थांबायला वेळ आहे बाळा?”

हे ऐकून प्राजक्ताने घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबकडून एएमएच ही, अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी स्वतःच करून घेतली. रिपोर्ट १.६ आला. लॅबच्या मर्यादेत तो बसत होता, पण मोबाइलवरच्या कुठल्याशा गणकयंत्राने तिच्या अंडाशयाचं वय छत्तीस ठरवलं. ती आमच्याकडे आली ती हा कागद हातात घेऊन. म्हणजे आत्याचं म्हणणं, आईचा दाखला आणि लॅबचा आकडा, असे तीन पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते.

त्यात आणखी एक धागा होता, तो दुसऱ्या भेटीत निघाला. तिला वयाने मोठाच जोडीदार हवा होता. “माझ्या वयाची मुलं मला लहान वाटतात, मॅडम. आधीपासूनच.” ऑफिसमधल्या बरोबरीच्या एकाने तिला विचारलं होतं, तिने लगेच नाही म्हटलं होतं. आत्याने आणलेलं स्थळ त्या अर्थाने तिच्या मनासारखं होतं. त्यामुळे नकार द्यायचा तर कशाच्या जोरावर, हेच तिला कळत नव्हतं.

पुरावे तपासताना

आमच्या डॉक्टरांनी सुरुवात आईपासून केली. आईची पाळी ‘गेली’ म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारल्यावर उलगडलं की अडतिसाव्या वर्षी अंगावरून फार जायचं म्हणून तिची गर्भपिशवी काढली होती. पिशवी काढली की पाळी थांबणारच; त्यावरून तिचा नैसर्गिक रजोनिवृत्तीचा काळ कळत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका घराघरांत सापडतात; बीडच्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारला चौकशी करावी लागली. या शस्त्रक्रियांचा एक दुष्परिणाम कुणी मोजत नाही: पुढच्या पिढीच्या हातातून आईचा दाखला निघून जातो, कारण मुलीची पाळी कधी जाईल याचा सगळ्यांत उपयोगी अंदाज आईच्या नैसर्गिक वयावरूनच येतो. सख्खी मावशी मात्र होती. एकोणपन्नासाव्या वर्षीही तिची पाळी चालू होती.

दुसरा पुरावा रिपोर्ट. डॉक्टरांनी विचारलं, “सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?” प्राजक्ता म्हणाली, “नाही, फक्त मुरमांच्या.” चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी सुरू असलेल्या त्या गोळ्या गर्भनिरोधक हार्मोनच्याच होत्या, हे तिला माहीतच नव्हतं. या गोळ्या चालू असताना एएमएच कमी दिसतं. शिवाय हा आकडा मुळात वंध्यत्वाच्या उपचारात अंडाशय औषधाला किती प्रतिसाद देईल, हे जोखण्यासाठी उपयोगी आहे. अमेरिकेत तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या साडेसातशे स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्यात फरक आढळला नाही.

तिसरा पुरावा, आत्याची समजूत. ही सरळ उडवून लावता येत नाही, आणि आम्ही लावलीही नाही. समजुतीमागचं गणित चुकीचं आहे: पाळी सुरू झाली की साठा वापरला जातो, आधी सुरू झाली तर आधी संपतो. प्रत्यक्षात मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात आणि वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात बाहेर पडतात ती चारशे-पाचशे. बाकीची पाळी असो नसो, आपली आपण जिरत जातात. पाळीचा हिशेब हा त्या साठ्यातला चिल्लर खर्च आहे.

पण संबंध शून्यही नाही. ब्रिटन, स्कँडिनेव्हिया, ऑस्ट्रेलिया आणि जपानमधल्या ५१,४५० स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये एक विश्लेषण झालं. अकरा किंवा त्याआधी पाळी आलेल्यांमध्ये चाळिशीच्या आत पाळी जाण्याचा धोका ऐंशी टक्के जास्त निघाला. बातम्यांत गेला तो ‘ऐंशी टक्के’. पण त्या अभ्यासात असं होण्याचं एकूण प्रमाणच शंभरात दोन होतं. ऐंशी टक्के वाढ धरली तरी ते शंभरात चारच्या आत राहतं. मूल न झालेल्या स्त्रियांत धोका आणखी जास्त दिसला, आणि आत्याच्या हाती हे लागलं असतं तर तिने नक्कीच वापरलं असतं. मात्र ज्यांचं अंडाशय लवकर थकतं त्यांना मूल होणंही अवघड जातं, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. भारतात रजोनिवृत्तीचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षांनी अलीकडे आहे. तेव्हा “चाळिशीतही होईल, काळजी नको” असं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. पंचविसाव्या वर्षी घड्याळ लावून बसण्याचं कारण नाही, एवढंच डॉक्टरांनी तिला ठामपणे सांगितलं.

मोठ्या वयाची आवड कुठून आली

इथे मला स्वतःला आवरावं लागलं. गोष्ट फार सोपी दिसत होती: लहानपणीच ‘मोठी’ ठरवलेली मुलगी, मोठ्या मुलींच्या संगतीत वाढलेली, म्हणून मोठ्या वयाचा नवरा शोधते. समुपदेशकाला अशा गोष्टी आवडतात. त्या खऱ्या असतीलच असं नाही.

अभ्यास काय सांगतात? स्वीडनमधल्या एरेब्रू शहरात डेव्हिड मॅग्नुसन आणि होकान स्टाटिन यांनी मुलींचा शाळेपासून प्रौढपणापर्यंत पाठपुरावा केला. लवकर वयात आलेल्या मुली वयाने मोठ्या मित्रमैत्रिणींत मिसळत होत्या, आणि नियम मोडणं, शिक्षण लवकर थांबणं, मूल लवकर होणं यांचा बराच भाग त्या संगतीतून येत होता. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या अभ्यासात आणखी गमतीची बाब दिसली: लवकर वयात आलेल्या मुली मुलामुलींच्या एकत्र शाळेत जास्त बंडखोर निघाल्या, मुलींच्या शाळेत तसा फरक दिसला नाही. शरीर तेच, शाळा वेगळी. दुसरीकडे, यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याच्या आणि जनुकांच्या मोठ्या संग्रहातल्या माहितीवर आधारलेल्या २०१६च्या जनुकीय विश्लेषणात लवकर वयात येण्याचा पहिलं मूल लवकर होण्याशी संबंध कार्यकारणाचाच असावा असे संकेत मिळाले. म्हणजे जीवशास्त्र गप्प नाही.

हे सगळे अभ्यास अशा समाजांतले आहेत जिथे मुलगी जोडीदार स्वतः शोधते. आपल्याकडे मधे घर उभं असतं. साडेनऊव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीने काय निवडलं, यापेक्षा तिच्यासाठी कुणी, कधी आणि कसल्या घाईने निवडलं, हाच प्रश्न आधी येतो. प्राजक्ताच्या बाबतीत लवकर वयात येण्याचा परिणाम झाला होता यात मला शंका नाही. तो तिच्या अंडाशयापेक्षा आत्याच्या स्थळांच्या वहीतून जास्त झाला होता.

मांडलेले पर्याय

चार वाटा समोर होत्या. स्थळ अटीसकट स्वीकारायचं. स्थळ स्वीकारून अटीवर बोलणी करायची. बीजं गोठवून ठेवायची. हे तिने कुठेतरी वाचलं होतं, पण खर्च लाखात आणि पंचविसाव्या वर्षी त्याची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ते पाच मिनिटांत मागे पडलं. किंवा स्थळ नाकारून थांबायचं.

निवड करण्याआधी मी तिला एक काम दिलं. मुलाबद्दल तिला जे जे आवडलं आणि खटकलं ते लिहायचं, आणि मग समजायचं की मूल पस्तिसाव्या वर्षीही होणार आहे, याची कुणी लेखी हमी दिली आहे. आता तीच यादी पुन्हा वाचायची. मुदत काढून टाकल्यावर ‘वयाने मोठा, शांत, घर चालवलेला’ हे तिन्ही गुण यादीत तसेच टिकले. मुलगा मात्र टिकला नाही. मूल झाल्यावर नोकरीचं काय, या तिच्या प्रश्नावर तो म्हणाला होता, “ते आई बघेल.” हे वाक्य तिच्या यादीत आधी कुठेच नव्हतं. दुसऱ्या वाचनात ते तिने स्वतःहून सर्वांत वर लिहिलं.

ऑफिसमधल्या मुलाबद्दलही मी विचारलं. लहान वाटतो हा जुन्या सवयीचा भाग आहे का, असं. ती हसली. “नाही मॅडम, तो अजून आईला फोटो पाठवून शर्ट घेतो.” मी तो विषय तिथेच सोडला.

काय केलं

पहिला निर्णय कुणाला बोलवायचं हा होता. माझा कल आईकडे होता. प्राजक्ता म्हणाली, “आईला पटेल, पण ती बोलणार नाही. आत्यालाच बोलवा.” तिचं बरोबर होतं. प्राजक्ता आत्याला घेऊन आली. डॉक्टरांनी आत्याला खोडून काढलं नाही. आईच्या ऑपरेशनचे जुने कागद मागवले आणि आत्यासमोरच वाचले. आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “म्हणजे वहिनींची पाळी गेली नव्हती, काढली होती.” त्यांना ते माहीत होतंच, त्याचा अर्थ तसा कधी लावला नव्हता. पण स्थळाबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही. असं घर पुन्हा मिळणार नाही, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं, आणि व्यवहारात ते अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरा निर्णय एएमएच पुन्हा करायचं का. लग्न ठरवण्यासाठी त्याची गरज नाही, असं डॉक्टरांचं स्पष्ट मत होतं. प्राजक्ता ऐकेना, छत्तीसचा आकडा डोक्यातून जात नाही म्हणाली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या आणि तीन महिन्यांनी तपासणी केली. आकडा २.९ आला. तोवर आठवड्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. पहिला रिपोर्ट अजून पिशवीत असतानाच तिने आत्याला फोन करून नकार कळवला होता.

निष्पत्ती

आत्या दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. भाऊबीजेला आल्या, त्यानंतर स्थळं आणणं बंद केलं. त्यानंतरचं दीड वर्ष घरासाठी सोपं नव्हतं. वडील फोनवर तब्येत विचारायचे आणि फोन ठेवताना लग्नाचं काढायचे. बायोडेटावरची उंची प्राजक्ताने दुरुस्त केली, त्यावरूनही दोन स्थळं गेली. सत्ताविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, मामांनी आणलेल्या स्थळाशी, आणि मुलगा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तिची आवड होती तीच राहिली. मूल तिशीनंतर, हे साखरपुड्याआधी दोघांनी आपापल्या घरी सांगितलं. सासूबाईंनी तेव्हा मान डोलावली होती. आता सणावाराला विचारतात.

डॉक्टरांनी तिला पुढची खूणगाठ दिली आहे: प्रयत्न सुरू केल्यावर वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा पस्तिशीनंतर प्रयत्न केले तर सहा महिन्यांतच, दाखवायला यायचं. पाळीची तारीख सतत पुढे-मागे होऊ लागली तर त्याआधीही.

एक गोष्ट मात्र आमच्या अपेक्षेत नव्हती. चुलतभावाच्या मुलीत सातव्या वर्षीच वाढीची लक्षणं दिसू लागली, तेव्हा प्राजक्ताने वहिनीला आग्रह करून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघितलं. तूर्त औषध नको, दर काही महिन्यांनी उंची मोजू, असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

लॅबच्या फॉर्मवर ‘हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का’ हा एक प्रश्न असता तर अर्धी घबराट टळली असती. तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाते, तिथे हा प्रश्न विचारणारं कुणीच नसतं. मुरमांसाठी त्या गोळ्या लिहून देतानाही त्या कसल्या आहेत हे सांगायला अर्धं मिनिट लागतं.

दुसऱ्या तपासणीबद्दल आमच्यातच मतभेद आहेत. २.९ने तिला झोप लागली, हे खरं. पण तो आकडा पुन्हा १.६ आला असता तरी योग्य सल्ला तोच असता, आणि तेव्हा तो पटवून देणं फार जड गेलं असतं. डॉक्टर म्हणतात, करायलाच नको होती. मला वाटतं, आधी दोन्ही निकालांवर काय करायचं हे लिहून घेऊन मग करायला हरकत नव्हती. तसं लिहून घेतलं गेलं नाही.

मुलाशी थेट बोलणंही राहून गेलं. अट मुलाच्या वयासाठी होती असं सांगितलं गेलं, पण ती त्याची होती की त्याच्या आईची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. विवाहपूर्व भेटीला दोघांनी यावं, असा आग्रह आम्ही आता धरतो; दहांतले सात मुलगे अजूनही येत नाहीत.

आणि सर्वांत मोठी जागा चौथीच्या वर्गातली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना स्वस्तात पॅड देणारी राज्याची अस्मिता योजना २०१८ मध्ये सुरू झाली ती ११ ते १९ वयासाठी. केंद्राचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहाव्या वर्षापासून धरतो. साडेनऊ वर्षांची मुलगी दोन्हींच्या बाहेर राहते. तिच्यासाठी आशाताई, वर्गशिक्षिका किंवा बालरोगतज्ज्ञ यांपैकी नेमकं कुणी बोलायचं, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही. सध्या आमच्या भागातल्या दोन शाळांत तिसरी-चौथीच्या पालकसभेत हा विषय घ्यायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. आया येतात, वडिलांना कसं बसवायचं हे अजून जमलेलं नाही.